उत्तरासाठी सोडलेली जागा

भातकापणी आणि निवडणूक या वर्षी पुन्हा एकदम आल्या. बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत आता शेतं अशी उरलेली नाहीत, पण नदीच्या अंगाला, दोन इमारतींच्या मधल्या तुकड्यात एक म्हातारा अजून हट्टाने भात लावतो. ते परवा कापलं. ओल्या पेंढ्याचा गोडसर, जरासा कुबट वास खिडकीतून आत आला आणि त्याच्या मागोमाग आईचा फोन वाजला. आईने चष्मा शोधला, हिरवं बटण दाबलं, फोन कानाशी धरला.

"नमस्कार," पलीकडून भरदार आवाज आला, "मी तुमचा हक्काचा माणूस बोलतोय..."

"बोला," आई म्हणाली.

पलीकडचा बोलत राहिला. रस्ते, पाणी, मायमाऊलींचे आशीर्वाद. आई मधे तीनदा "अहो, जरा माझं ऐका" म्हणाली. तो ऐकेना. शेवटी त्यानेच फोन ठेवला.

"रेकॉर्ड केलेलं असतं गं आई ते," मी म्हटलं.

"मला काय कळत नाही?" तिने फोन पालथा ठेवला. "पण माझ्या घरात येऊन त्याने बोलायचं नि मी मुकाट ऐकायचं, हे मला जमत नाही बाई."

जमलं नाहीच तिला कधी. पेंढ्याचा वास आणि लाउडस्पीकरचा आवाज एकत्र आले की मला एकच ऋतू आठवतो. दोन हजारच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. पाऊस नुकताच गेला होता. नवरात्र होऊन गेलं होतं आणि दिवाळीच्या भाजण्या अजून कुठे सुरू झाल्या नव्हत्या. या मधल्या दिवसांना नाव नाही. ऊन असं तापतं की पत्र्याला हात लागत नाही, आणि घरातल्या भिंती मात्र आतून ओल्याच असतात. आमच्या गल्लीत त्या दिवसांत सगळ्यांच्या गाद्या-गोधड्या बाहेर पडलेल्या असायच्या. कापूस फोडून, पसरून, काठीने झोडपून वाळवायचा. चार महिन्यांचं पाणी त्या उन्हात हळूहळू उडून जायचं आणि गल्लीभर एक ओशट वाफ भरून राहायची.

आणि गल्लीच्या तोंडाशी टेम्पो. टेम्पोवर आमच्या आमदारसाहेबांचा फोटो, माणसाच्या दुप्पट उंचीचा, हात जोडलेले, नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी. खाली स्पीकर. साहेबांचा आवाज त्यातून यायचा, "माझ्या मांजर्लीकर बंधूंनो आणि भगिनींनो!" पहिल्या दिवशी बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या होत्या, साहेब आले म्हणून. ड्रायव्हर पान चघळत बसला होता. "साहेब नाय, कॅसेट हाय," तो म्हणाला. हेच भाषण तो हेंद्रेपाड्यात वाजवून आला होता. तिथे फक्त "माझ्या हेंद्रेपाडावासी" एवढं वेगळं होतं.

आम्हाला साहेबांना एकच प्रश्न विचारायचा होता. एकच. तो भिंतीबद्दल होता.

आमची गल्ली सखल. मागे पूर्वी मोकळं रान होतं आणि रानाच्या पलीकडे नाला, तो पुढे उल्हास नदीला मिळतो. मोठा पूर येऊन गेला तेव्हा सगळी मांजर्लीच पाण्यात होती, त्याबद्दल कोणाला बोल लावायचा? पण त्यानंतर त्या रानात मोठा कॉम्प्लेक्स उभा राहिला. पुराचा धडा घेऊन त्यांनी आपल्याभोवती भक्कम भिंत बांधली. धडा त्यांनी घेतला, पाणी आम्हाला आलं. गल्लीतलं पाणी वर्षानुवर्षं ज्या उताराने नाल्यात जायचं, तो उतार भिंतीने बंद झाला. आता साधा दोन दिवस लागून पाऊस पडला तरी गल्ली भरायची, आणि नदी उतरली, नाला उतरला, तरी आमच्या घरातलं पाणी जागचं हलायचं नाही. कॉम्प्लेक्सच्या दरवाज्याशी काळ्या दगडावर उद्घाटक म्हणून साहेबांचं नाव सोनेरी अक्षरात कोरलेलं होतं. म्हणून प्रश्न त्यांनाच.

आणि आमच्या घरापुरता तो प्रश्न बाबांचा होता. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, पण उजवा हात आणि पाय कामातून गेले. आमची खोली तळमजल्यावरची. निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात पाणी पलंगाच्या फळीला लागलं तेव्हा चौघांनी बाबांना दाराच्या फळीवर घालून वरच्या मजल्यावर सुलभाकाकूंकडे नेलं. काकू राजापूरकडच्या, नवरा गावी शेतीवर, मुलगा गल्फमध्ये. त्यांनी आपला पलंग बाबांना दिला आणि आठ दिवस स्वतः खाली झोपल्या. त्या आठ दिवसांत बाबा जवळजवळ बोललेच नाहीत. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांची अडलेली यंत्रं चालू केली, त्याला जिन्यातून आडवं करून, "सांभाळा, डोकं लागेल" असं म्हणत नेलं होतं. नवव्या दिवशी खाली आल्यावर ते आईला म्हणाले, "यापुढे मला उचलायचं नाही. पाणी येवो नाहीतर काही येवो. मी इथून हलणार नाही."

बाबा बोलले की बोलले. आईला ते माहीत होतं. पुढचा पावसाळा यायच्या आत त्या भिंतीतून पाण्याला वाट मिळाली नाही, तर काय होणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. रात्री ती पलंगाच्या पायाशी हात लावून उंची बघायची, असं मी पाहिलं आहे.

मग साहेबांचा शोध सुरू झाला. हो, शोधच. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस आमच्या दारात चहा पिऊन गेला होता, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. आता आई, सुलभाकाकू आणि गल्लीतल्या पाच-सहाजणी हेंद्रेपाड्यातल्या प्रचार कार्यालयात गेल्या. तिथे एका पोराने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला नि बसायला सांगितलं. दुपारभर बसल्या. नंबर कोणी पुकारलाच नाही. संध्याकाळी गळ्यात उपरणं घातलेला एक कार्यकर्ता बाहेर आला.

"ताई, साहेब मुंबईला गेलेत. काय काम हाय ते मला बोला ना. आपन बोलतो साहेबांशी."

"तुमच्याशी काय बोलू?" आई म्हणाली. "मत तुम्हाला द्यायचंय का?"

"टेन्शन नका घेऊ ओ. मी साहेबांचाच मानूस."

"मग साहेबांना सांगा, माणसं येऊन बसलीत. तुम्ही आहात ते मला दिसतंय."

साहेबांची गाडी मागच्या बाजूला उभी होती. काकूंनी ती बघितली होती. मागच्या दाराला आतून कडी होती, तीही बघितली. दोन दिवसांनी साहेब उघड्या जीपमधून मोठ्या रस्त्याने गेले. मांजर्लीच्या फाट्याशी जीप थांबेल म्हणून बायका फुलं घेऊन उभ्या होत्या. जीपचा वेग तिथे वाढला. मग एके दिवशी साहेबांच्या पत्नीने हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं, प्रत्येकीला प्लॅस्टिकचा डबा दिला. त्यांना विचारलं तर त्या गोड हसून म्हणाल्या, "राजकारणातलं मला काही कळत नाही हो." डबे बरे होते. अजून एक आमच्याकडे आहे, त्यात आई मीठ ठेवते.

मला राग कशाचा येतो सांगू? काम झालं नाही याचा नाही. कामं राहतात. नाही म्हणणारा माणूसही मला चालतो, त्याच्याशी भांडता येतं. पण प्रश्न कानावर पडूच नये अशी व्यवस्था करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. तो आपल्याला विरोधकसुद्धा समजत नाही. त्याच्या लेखी आपण फाट्यावरची गर्दी, हात हलवून पुढे जायची. अजून येतो तो राग. वय झालं तरी कमी झाला नाही, आणि कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये एका छापखान्यात कामाला होते. एका बाजूला कपड्यांच्या चेनचं दुकान, दुसऱ्या बाजूला जीन्स शिवणारा कारखाना, आणि मधल्या गाळ्यात आमचे दोन कॉम्प्युटर आणि मागे मशीन. दिवसभर शिलाईच्या मशिनींचा घरघराट असायचा आणि शाईचा वास. लग्नपत्रिका, बिलबुकं, साड्यांची लेबलं, सगळं छापायचो. मालक मोतीराम शेठ. त्यांचं लहानपण फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत गेलेलं. ते शाळेत सिंधी शिकले ती उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी. मराठी बोलायचे झकास, पण वाचायला घेतलं की एका ओळीला चहा गार व्हायचा. आणि हेच शेठ एका मराठी साप्ताहिकाचे संपादक होते! संपादक म्हणून त्यांचं नाव पहिल्या पानावर, आणि आतला सगळा मजकूर टाइप करायचा, तपासायचा, पान लावायचं, हे माझ्याकडे. शेठ छापायच्या आधी एकदाच पान बघायचे. "फोटो सीधा है ना? जाहिरात पूरी आली ना? बस."

त्यांचा एक नियम होता. एखादी बातमी किंवा जाहिरात वेळेत आली नाही तर तिची जागा मोकळी सोडायची. पान कोणासाठी थांबवायचं नाही. "मजकूर नहीं आया तो वो उसका नुकसान," ते म्हणायचे, "मशीन मेरा है." त्यामुळे आमच्या साप्ताहिकात कधी कधी चौकटीत नुसता पांढरा कागद असायचा. वाचणाऱ्यांना त्याची सवय झाली होती.

तर त्या निवडणुकीत साहेबांची मुलाखत आली. आली म्हणजे पाकिटातून आली. पत्रकारांनी प्रश्न विचारायची पद्धत साहेबांनी तोवर बंद केली होती. अंबरनाथला पत्रकार परिषद झाली तिथे छापील निवेदन दिलं, बटाटेवडे दिले, "प्रश्न लेखी द्या, उत्तरं कळवू" असं सांगितलं आणि साहेब निघून गेले. कळवलं कोणालाच नाही. त्याऐवजी सगळ्या साप्ताहिकांना हे पाकीट. त्यात दहा प्रश्न होते आणि त्यांची दहा उत्तरं होती. दोन्ही एकाच माणसाने, एकाच निळ्या पेनने लिहिलेली. वर सूचना, "आमच्या प्रतिनिधीने घेतलेली खास मुलाखत असे छापावे." सोबत पूर्ण पानाच्या जाहिरातीचं पत्र, आणि अंकाचे गठ्ठेच्या गठ्ठे साहेबांचं कार्यालय विकत घेणार, घरोघर वाटणार.

"आपल्या अफाट कार्यशक्तीचे रहस्य काय?" हा पहिला प्रश्न. मी टाइप करत गेले. सातवा प्रश्न होता, "इतक्या व्यापातही आपण सामान्य माणसाच्या सतत संपर्कात कसे राहता?" त्याचं उत्तर, "माझे दार जनतेसाठी चोवीस तास उघडे असते."

माझे हात थांबले. त्या दाराची कडी सुलभाकाकूंनी पाहिली होती. चिठ्ठीवरचा नंबर अजून आईच्या पाकिटात होता.

मी उरलेले तीन प्रश्न टाइप केले. मग अकरावा केला. "प्रश्न : मांजर्लीतल्या गल्लीचे पाणी अडवणारी भिंत पुढच्या पावसाळ्याआधी फोडून पाण्याला वाट कधी देणार?" खाली लिहिलं, "उत्तर :" आणि त्यापुढे चार ओळींची जागा मोकळी सोडली.

चूक होती का ती? होती. दुसऱ्याच्या मजकुरात आपलं घालायचं नसतं, हे छापखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण बाकीचे दहा प्रश्न तरी कोणी विचारले होते? त्या पानावर खरोखर कोणाच्या तरी मनात असलेला प्रश्न तो एकच होता. शेठनी पान बघितलं. फोटो सरळ होता. जाहिरात पूर्ण होती. मोकळ्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं. "ये क्या, मजकूर आला नाय?"

"उत्तर आलं नाही शेठ," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"तो छोड," ते म्हणाले, आणि अंक मशीनवर गेला.

आता पुढची गंमत अशी की साहेबांच्या माणसांपैकी एकानेही तो अंक वाचला नाही. त्यांनी पहिल्या पानावरचा फोटो बघितला, खूश झाले, आणि बदलापूरभर घरोघर अंक स्वतःच्या हातांनी टाकून आले. आमच्या दाराच्या फटीतूनही एक आत आला. बाबांनी डाव्या हाताने तो उचलला, सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत होते. "सुजाता," ते म्हणाले, "नोकरी जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

दोन दिवसांत सगळीकडे त्या मोकळ्या चार ओळींचीच चर्चा. रिक्षा स्टँडवर लोक पेनने आपापली उत्तरं भरत होते. कोणी "नंतर बघू" लिहिलं, कोणी एक मोठा भोपळा काढला. छापखान्यात उपरणंवाला कार्यकर्ता येऊन टेबलावर हात आपटून गेला. तो गेल्यावर शेठनी मला समोर बसवलं. अंक उलटा, सुलटा करून पाहिला. मला अकरावा प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला.

"तेरे घर में पानी आता है?"

"हो शेठ."

"साईं, बराकीत होतो ना आम्ही," ते म्हणाले, "तेव्हा माझा बाप रोज एक अर्जी घेऊन जायचा ऑफिसात. नळासाठी. साहेब नहीं है, साहेब नहीं है. एक दिन वो साहेब के घर के बाहर बैठ गया, दातून लेके. सुबह साहेब बाहर आया तो मेरा बाप दात घासत होता." ते हसले. मग एकदम गंभीर झाले. "अगली बार मुझे पूछके करना. मैं मना नहीं करता था." जाहिरातीचे पैसे मात्र आले नाहीत, आणि त्याबद्दल ते मला पुढे वर्षभर ऐकवत राहिले.

आणि मग, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, साहेब मांजर्लीत आले. यावंच लागलं. साहेब घाबरले, असं लोक उघड बोलायला लागले होते. बेंजो पार्टी पुढे, फटाके, झेंडे, स्वतःचा कॅमेरावाला. बेत सोपा होता. गल्लीच्या या टोकाने शिरायचं, हात जोडत झपाझप त्या टोकाने बाहेर पडायचं, बेंजोच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येऊ द्यायचं नाही.

आईने त्या दिवशी पांढरी साडी नेसली होती. बुद्धवंदनेला आणि मतदानाला ती नेसते ती. आमच्याकडे ओवाळायची पद्धत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. पण सुलभाकाकूंकडे आहे, आणि काकू तबक घेऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, बोटातली अंगठी, सगळं साग्रसंगीत. ओवाळायला उभ्या असलेल्या बाईला ओलांडून कोण जाणार? कॅमेरा चालू होता. साहेब थांबले, डोक्यावर रुमाल टाकला, मान लववली. बेंजोवाल्यांनीही रीतीप्रमाणे वाजवणं थांबवलं. गल्लीत एकदम शांतता झाली.

काकूंनी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग निरांजन ओवाळायला घेतलं, आणि ओवाळतच राहिल्या. तीन वेळा झालं, पाच वेळा झालं, सात झालं. साहेब निरांजनाच्या पलीकडे बघत होते. पाय उचलावा तर तबक आडवं. ओवाळणं पुरं झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांच्याही आईने त्यांना शिकवलेलं असणार.

"काकू, झालं की," उपरणंवाला पुटपुटला.

"मेल्या, घाई नको करू. अपशकुन होतो," काकू म्हणाल्या, आणि हात फिरत राहिला.

तेव्हा आई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. शांततेत चढवायची गरजच नव्हती. "माझा माणूस आत पलंगावर आहे. त्याला चालता येत नाही. पाणी आलं तर तो हलणार नाही म्हणतो. मागची भिंत कधी फोडणार?"

"ताई, आपण नंतर बसून बोलू," साहेब म्हणाले.

"आम्ही बसलो होतो की. दुपारभर बसलो होतो. आता उभ्या उभ्याच सांगा."

"बघतो. नक्की बघतो."

"बघतो नको. लिहून द्या." आईने तो अंक पुढे केला, घडी घालून, चार मोकळ्या ओळी वर येतील अशी. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि हसता हसता दात आवळले जातात. साहेबांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना त्यावर स्वतःचा फोटो दिसला. हातात पेन होतं, समोर माणसं होती, कॅमेरा चालू होता. हात आपोआप चालला. वाचायची त्यांना सवयच राहिली नव्हती. "उत्तर :" या शब्दापुढे त्यांनी झोकात लिहिलं, "हार्दिक शुभेच्छा", आणि खाली लांबलचक शेपटीची सही ठोकली.

आईने कागद परत घेतला. काकूंचा हात थांबला. आईने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, एकेक शब्द सुटा करून. "प्रश्न. भिंत फोडून पाण्याला वाट कधी देणार? उत्तर. हार्दिक शुभेच्छा."

वरच्या गॅलरीतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू गल्लीभर पसरलं. बेंजो जोरात सुरू झाला. साहेब त्या टोकाने बाहेर पडले.

ते निवडून आले. आले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मांजर्ली म्हणजे काही अख्खा मतदारसंघ नव्हे. दिवाळी झाली. थंडी पडली. भिंत होती तिथेच होती. आईने त्या कागदाची झेरॉक्स काढून चार अर्जांना जोडली, चारही अर्ज वेगवेगळ्या ऑफिसांत दिले. कोणीच काही कळवलं नाही. उन्हाळा सरत आला तशी ती पुन्हा पलंगाच्या पायाची उंची बघायला लागली.

मग एका रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "मला भिंतीपाशी नेऊन बसवा." स्वतःहून. उचला म्हणाले. आम्ही त्यांना खुर्चीसकट नेलं. त्यांनी खडू मागितला. वाकून, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी त्यांनी भिंतीच्या तळाशी पाच चौकोन काढले. "इथेच फोडायचं. वर हात लावायचा नाही, भिंत बसेल. पाणी येतं त्याला कोण अडवणार? त्याला जायला वाट पाहिजे."

"अंधार पडल्यावर करू या का?" कोणीतरी विचारलं.

"आपण चोर आहोत का?" आई म्हणाली.

घण, छिन्नी, पहार, घराघरातून निघालं. बायकांनी पदर खोचले. पलीकडून कॉम्प्लेक्सचा वॉचमन धावत आला, त्याने खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि "मैंने कुछ नहीं देखा" म्हणून परत गेला. दुपारपर्यंत पाच मोऱ्या झाल्या. सुलभाकाकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. बाबांनी प्रत्येक मोरीत काठी घालून खोली तपासली आणि दोन पुन्हा मोठ्या करायला लावल्या. फिटर होते ना.

त्या पावसाळ्यात पाणी आलं. उंबऱ्याला टेकलं, आत डोकावलं आणि मागच्या मोऱ्यांतून, कॉम्प्लेक्सच्या गटाराने खळखळत नाल्याकडे गेलं. बाबा पलंगावर बसून तो आवाज ऐकत होते. "गेलं," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी चहा मागितला. त्यानंतर ते सात वर्षं जगले. गेले ते त्याच तळमजल्यावरच्या खोलीत, भर आषाढात, कोरड्या अंथरुणावर. पुन्हा चौघांनी त्यांना उचललं ते त्याच दिवशी.

नोटिशीचं सांगायचं राहिलंच. मोऱ्या पाडल्यावर पंधरा दिवसांत कॉम्प्लेक्सच्या सोसायटीची नोटीस आली होती, टाइप केलेली, शिक्का मारलेली. "आमच्या भिंतीस भोके पाडण्याचे कृत्य कोणी, कधी व कोणाच्या परवानगीने केले याचा लेखी खुलासा द्यावा." तळाला, "प्रत माहितीसाठी" म्हणून साहेबांचं नाव. आणि मधे "खुलासा :" असं छापून चार ओळींची जागा मोकळी सोडलेली.

गल्लीतले पुरुष वकील बघायला निघाले होते. आईने त्यांना थांबवलं. ती जमिनीवर बसली, नोटीस पाटावर ठेवली आणि माझ्याकडे पेन मागितलं. आई चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि गोल. तिने सावकाश, रेघ सोडून न जाता लिहिलं, "हार्दिक शुभेच्छा". खाली आपलं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, एकही काना न चुकवता. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघितला.

"दोन झेरॉक्स काढून आण," ती म्हणाली. "एक साहेबांना जाऊ दे."